मगर उद्यानासाठी अर्धा तास पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत दक्षिण भारताच्या सहलींचे लेख आणि त्यांच्या शेजारी सहल कंपन्यांच्या जाहिराती दिसू लागतात. तिरुपती, कांचीपुरम, महाबलीपुरम, पुदुच्चेरी, रामेश्वरम, कन्याकुमारी हा क्रम आपल्याकडे घरोघरी पाठ झालेला आहे. त्यात चेन्नई ते महाबलीपुरम या टप्प्यावर ‘मगर उद्यान’ असे एक नाव असते आणि त्यापुढे बहुधा ‘अर्धा तास’ असे लिहिलेले असते. या अर्ध्या तासाबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुलाबाळांना घेऊन दक्षिणेत जाणाऱ्या कुटुंबाने या एका ठिकाणाचा बेत तरी माणसांच्या सोयीने न आखता तेथील प्राण्यांच्या दिनक्रमाने आखावा, आणि मगरींच्या शेजारी राहणाऱ्या आमच्यासारख्या कृष्णाकाठच्या लोकांनी तर तो आवर्जून तसाच आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ठिकाण म्हणजे मद्रास क्रोकोडाइल बँक ट्रस्ट. चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, पूर्व किनारा मार्गालगत वडनेम्मेली येथे ते आहे आणि तेथून महाबलीपुरम साधारण १५ किलोमीटर उरते. रोम्युलस व्हिटेकर, झाई व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही संस्था उभी केली. त्यांपैकी झाई या मुंबईचे निसर्ग अभ्यासक झफर फतेहअली यांच्या कन्या. त्या काळी कातडीसाठी झालेली बेसुमार शिकार, नद्यांवरची धरणे आणि जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू यांमुळे भारतातील गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि सुसर या तिन्ही जाती संकटात सापडल्या होत्या. सुसरी तर साऱ्या देशात दोनशेच्या आसपासच उरल्या असाव्यात, असा अंदाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला, आणि पाठोपाठ या संस्थेने मगरींची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू केले. लोकांनी तिकीट काढून येथे मगरी पाहाव्यात हा त्या कामाचा एक भाग होता आणि आजही आहे. त्यामुळे आपण येथे भरलेल्या पैशांतून जनावरांचे खाणे-पिणे आणि संशोधन चालते, हे मुलांना तिकीट खिडकीपाशीच सांगावे.

आता बेताविषयी. आपल्या शाळांना मोठ्या सुट्या दोनच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची, आणि दुर्दैवाने या दोन्ही सुट्या चेन्नईच्या हवेच्या दृष्टीने चुकीच्या वेळी येतात. आपल्याकडे दिवाळीत पाऊस संपून आभाळ निवळलेले असते, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असतो. ईशान्य मोसमी वारे आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे याच काळात येतात. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचौंग चक्रीवादळाने चेन्नई कशी पाण्याखाली गेली होती, ते आपण दूरचित्रवाणीवर पाहिलेच आहे. मे महिन्यात उलट परिस्थिती असते. पारा चाळिशीला टेकतो, समुद्राची दमट हवा अंगाला चिकटते आणि सकाळी दहानंतर लहान मूल काय, मोठा माणूससुद्धा वाळूच्या वाटेवर उभा राहू शकत नाही. मगरीही तेव्हा पाण्याबाहेर थांबत नाहीत. त्या डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दिवसभर तळ्यात पडून राहतात, आणि प्रवासी ‘काहीच दिसले नाही’ म्हणून परत फिरतात.

म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. शाळेतून दोन-तीन दिवसांची रजा मिळत असेल तर ती या कामासाठी घ्यावी, असे मी स्वतः शिक्षक असूनही सांगेन. फक्त जानेवारीच्या मध्यावरचे पोंगलचे दिवस टाळावेत. आपली संक्रांत असते त्याच सुमारास तेथे पोंगल असतो आणि त्यातील शेवटच्या, म्हणजे काणुम पोंगलच्या दिवशी घराबाहेर पडून समुद्रकिनारे, बागा आणि प्राणी उद्याने पाहण्याची तेथे पद्धत आहे. त्या दिवशी पूर्व किनारा मार्गावर वाहनांच्या रांगा लागतात आणि उद्यानात मगरीपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात.

वारही पाहून ठेवावा लागतो. मगर उद्यान सोमवारी बंद असते. चेन्नई शहरातील गिंडीचे सर्पोद्यान आणि मगर उद्यानाच्या वाटेवरील दक्षिणचित्र हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे शनिवार-रविवार रेल्वेत घालवून सोमवारी चेन्नईत उतरतात आणि उतरल्या दिवशीच या रस्त्याला लागतात, तेव्हा बंद फाटक पाहावे लागते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला एका नामवंत म्हणवणाऱ्या सहल कंपनीने सोमवारीच तेथे नेऊन उभे केले आणि ‘आज काही कारणाने बंद आहे’ असे सांगून गाडी पुढे हाकली. वारांची ही गोष्ट ज्यांचा तो धंदाच आहे त्यांना ठाऊक नसावी, हे पटत नाही. मगरींना लोकांसमोर खायला घालण्याचे प्रात्यक्षिकही रोज होत नाही. ते बहुधा शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी ठेवलेले असते, पण त्याच दिवशी गर्दीही जास्त असते. खाणे पाहायचे की शांतपणे मगर पाहायची, हे घरात बसून आधी ठरवावे आणि निघण्यापूर्वी दूरध्वनी करून त्या आठवड्यातील वेळा विचारून घ्याव्यात. आमचे मत विचाराल तर शांतपणाला अधिक गुण द्यावेत. मांसाचा तुकडा हवेत झेलणारी मगर मुलांना आवडते हे खरे, पण तो देखावा दोन मिनिटांत संपतो.

चेन्नईहून निघताना उद्यान उघडण्याच्या वेळेला तेथे पोहोचता येईल अशा बेताने निघावे. अड्यार किंवा तिरुवान्मियूर येथून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या बस या रस्त्याने जातात आणि वाहकाला ‘मुदलै पण्णै’ एवढे सांगितले तरी तो बरोबर फाटकापाशी उतरवतो. महाबलीपुरमला मुक्काम असेल तर उलट दिशेने येणे आणखी सोपे पडते. सकाळचा वेळ मगरींना द्यावा, दुपारी जेवण आणि विश्रांती घ्यावी आणि उन्हे कलल्यावर महाबलीपुरमची शिल्पे पाहावीत, हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो. पाषाणशिल्पे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चांगली दिसतात आणि ती कोणत्याही वेळी जागच्या जागी असतात. मगरीचे तसे नसते. थंडीच्या दिवसांत ती सकाळी ऊन खायला काठावर येते, अंग तापले की पाण्यात उतरते, आणि मग ती पुन्हा कधी वर येईल ते तिचे तिलाच ठाऊक.

आम्ही म्हणजे मी, पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे गेल्या वर्षी याच क्रमाने गेलो होतो. आत शिरल्यावर पहिल्याच मोठ्या तळ्यापाशी नातू म्हणाला, ‘आजोबा, या खोट्या आहेत.’ काठावर मगरींची जणू मोळी पडलेली होती. एकीच्या पाठीवर दुसरीचे डोके, तिसरीची शेपटी पाण्यात, आणि कित्येकींचे जबडे सताड उघडे. त्या जबड्यांच्या आतील फिकट पिवळसर कातडी आणि वेडेवाकडे दात दिसत होते, पण हालचाल म्हणून नव्हती. सहल कंपनीचे लोक मुलांना बहुधा येथूनच पुढे ढकलतात. आम्ही तेथेच कठड्यापासून जरा मागे सावलीत थांबलो. थोड्या वेळाने नातीने मला हाताने खुणावून जवळच्या मगरीचा डोळा दाखवला. वरची-खालची पापणी न हलता एक पातळ पारदर्शक पडदा पुढच्या कोपऱ्यातून मागे सरकला आणि पुन्हा परत आला. ही मगरीची तिसरी पापणी. पाण्याखाली ती डोळ्याचे रक्षण करते. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो होतो, पण ते प्रत्यक्ष पाहण्याची गंमत काही और असते, आणि त्यासाठी तेथे नुसते उभे राहावे लागते.

मगर इतकी निश्चल का असते, हे मुलांना आधी घरी सांगून ठेवले तर ती कंटाळत नाहीत. तिला आपल्यासारखे शरीराचे तापमान आतून राखता येत नाही. ऊन, सावली आणि पाणी यांच्यात जागा बदलूनच तिला ते सांभाळावे लागते. जबडा उघडा ठेवून ती डोक्यातील जादा उष्णता बाहेर टाकते, तेव्हा ती रागावली आहे असे समजण्याचे कारण नाही. आतून ऊब निर्माण करण्याचा खर्च नसल्यामुळे तिला अन्नही फार कमी लागते. पोसलेल्या मगरींना आठवड्यातून एखाद्या वेळी खायला दिले तरी पुरते आणि रानात त्या कित्येक आठवडे उपाशी राहू शकतात. आळशी वाटणारा हा प्राणी कोट्यवधी वर्षे टिकून राहिला, त्याचे एक कारण हा हिशेबीपणा आहे.

तेथील संशोधनाच्या दोन गोष्टी तर मोठ्या माणसांनाही विचारात पाडणाऱ्या आहेत. मगरीचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या तापमानावर ठरते. या संस्थेतील मगरींच्या अंड्यांवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ३१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला उबवलेल्या अंड्यांतून केवळ माद्या निघतात आणि ३२.५ अंशांच्या सुमारास नर निघतात. दीड अंशाचा हा फरक. नदीकाठची वाळू आणि माती दरवर्षी थोडी थोडी अधिक तापत गेली तर पुढे काय होईल, हा प्रश्न आमच्या दहावीतील नातवाने आपण होऊन विचारला आणि त्याचे नेमके उत्तर त्याच्या आजोबांपाशीही नव्हते. दुसरी गोष्ट काड्यांची. तळ्यांवरच्या झाडांवर बगळ्यांची वीण भरते तेव्हा घरट्यासाठी काड्यांची चणचण असते. अशा वेळी येथील काही मगरी तोंडावर काड्या तोलून पाण्यात स्तब्ध राहतात आणि काडी उचलायला बगळा खाली आला की त्याला पकडतात, असे येथे नोंदले गेले आणि २०१३ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. सरपटणारे प्राणी मंदबुद्धीचे असतात हे आपण पाठ्यपुस्तकांतून इतकी वर्षे ठसवले, त्याला हा चांगलाच तडाखा आहे.

सुसर पाहिल्याशिवाय मात्र निघू नये. अरुंद, लांबलचक तोंड, त्यात सुईसारखे बारीक दात आणि प्रौढ नराच्या नाकावर मडक्यासारखा उंचवटा अशी ही मासे खाणारी जात उत्तरेकडील नद्यांची, मुख्यतः चंबळची. महाराष्ट्रातील नद्यांत ती नाही, त्यामुळे आपल्या मुलांना ती अशाच ठिकाणी दिसणार. २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक सुसरी मरण पावल्या होत्या आणि ही जात आजही अतिसंकटग्रस्त मानली जाते. खाऱ्या पाण्यातील मगरीच्या तळ्यापाशी मुले आपोआप थांबतात. तेथील ‘जॉज थ्री’ नावाचा सोळा फुटांहून लांब नर फार प्रसिद्ध आहे. कासवे, घोरपडी आणि सरडेही आहेत, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवण्याची गरज नाही. ती वाटेत दिसत जातात.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पिंजऱ्यातील प्रजननाला इतके यश आले की पुढे मगरींची संख्या हजारांत गेली आणि त्यांना सोडायला सुरक्षित नद्या उरल्या नाहीत, म्हणून नव्वदच्या दशकात प्रजनन थांबवावे लागले. अलीकडच्या वर्षांत सुमारे एक हजार मगरी येथून गुजरातेतील जामनगरच्या खासगी केंद्रात हलवण्यात आल्या, त्यावरून न्यायालयात वादही झाला. एखादी जात वाचवणे म्हणजे तिची संख्या वाढवणे एवढेच नसते, तिला राहायला नदी लागते, हा विषय मोठ्या मुलांशी बोलण्यासारखा आहे. घरी परतल्यावर जेवणाच्या ताटावर तो आमच्याकडे बरेच दिवस चालला.

आता वागणुकीविषयी, आणि हे लिहिताना मला लहान मुलांपेक्षा त्यांचे पालक अधिक डोळ्यांसमोर आहेत. मगर हलत नाही म्हणून तिला खडा मारणे, पाण्याची बाटली फेकणे, टाळ्या आणि शिट्ट्या वाजवणे हे प्रकार आम्ही जेवढा वेळ तेथे होतो तेवढ्यात अनेकदा पाहिले आणि ते करणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते, हे खेदाने नमूद करतो. फेकलेले प्लास्टिक मगरीच्या पोटात गेले तर ते तेथेच राहते. एका गृहस्थांनी तर फोटोसाठी दोन-अडीच वर्षांच्या मुलाला कठड्यावर उभे केले होते. रक्षकाने तमिळमध्ये खडसावले तेव्हा त्यांनी ‘काय म्हणतोय तो?’ असे हसत विचारले. कठड्यावर मूल बसवू नये, हातातील खाऊ किंवा मोबाइल आत लटकवू नये आणि पाण्याजवळ पाठ करून उभे राहू नये, हे समजायला तमिळ यावे लागत नाही. निपचित पडलेली मगर थोड्या अंतरापुरती किती वेगाने झेप घेते, हे ज्यांनी पाहिले आहे ते असे धाडस करणार नाहीत.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी इतकेच की परिसर साडेआठ एकरांच्या आसपास आहे, झाडांची सावली भरपूर आहे, पण वाट बरीचशी वाळूची असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला ती जड जाते. माझी पत्नी काठी घेऊन आली होती आणि तळ्यातळ्यांच्या मधे बसत बसत तिने सर्व पाहिले. घाई नसेल तर हे जमते. पाणी आणि टोपी जवळ ठेवावी. तान्ह्या मुलांसाठी चाकांची गाडी नेण्यापेक्षा झोळी बरी. मागच्या बाजूला समुद्र दिसतो म्हणून त्यात उतरण्याचा मोह होतो, पण या किनाऱ्यावरील ओढ फसवी आणि धोक्याची आहे. तो मोह आवरावा.

ज्यासाठी मी मुख्यतः अधिक वेळ मागतो आहे, ते उद्यानाच्या आवारातील विष संकलन केंद्र बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात नसतेच. इरुळा ही साप पकडण्यात पिढ्यान् पिढ्या पारंगत असलेली आदिवासी जमात. पूर्वी कातडीच्या व्यापाऱ्यांसाठी साप पकडून ते पोट भरत. कायद्याने तो व्यापार बंद झाला तेव्हा त्यांच्या हाती काहीच उरले नाही. त्यांच्या त्याच कौशल्यातून माणसांचे प्राण वाचावेत म्हणून १९७८ मध्ये त्यांची औद्योगिक सहकारी संस्था स्थापन झाली. वन खात्याच्या परवानगीने ठरावीक संख्येत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप पकडले जातात. त्यांना मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून, तीन-चार आठवडे ठेवतात. आठवड्यातून एकदा त्यांचे विष काढतात आणि मग पोटावरच्या खवल्याला खूण करून त्यांना पुन्हा रानात सोडतात, म्हणजे तोच साप लगेच परत पकडला जाऊ नये. काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यात घोणशीचे सुळे रुतले आणि आत पिवळसर थेंब ओघळला, तेव्हा आमची सून, जी पाल पाहिली तरी खोली सोडते, ती दोन पावले पुढे सरकली होती.

हेच विष वाळवून देशभरातील प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्यांकडे जाते. ते अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून सर्पदंशावरील इंजेक्शन बनते. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग या एका संस्थेकडून आलेला असतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात रात्री-अपरात्री आणलेल्या शेतमजुराला जी कुपी टोचली जाते, तिचा उगम तेथील मडक्यांत असण्याची शक्यता मोठी आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील आहेत. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक थोडे वेगळे असते, त्यामुळे एकाच भागातील विषावर सारा देश अवलंबून असणे योग्य नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते बरोबरच आहे. तरीही आज जे उपलब्ध आहे त्यामागे या माणसांचे हात आहेत. वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा सर्पज्ञांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडे त्याची बातमी दोन ओळींत आटोपली होती. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, दंश झालेला अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे, हे आम्ही शाळेत घोकून घेतो. ते मडक्यांसमोर उभे राहून सांगितले की मुले विसरत नाहीत.

सांगलीतील माणूस हे सारे इतक्या हिरिरीने का लिहितो, असे कोणी विचारील. भिलवडी, औदुंबर ते सांगली या कृष्णेच्या पट्ट्यात मगर ही रोजची शेजारीण आहे. धुणे धुणारे, जनावरे धुणारे, मोटारपंप बघायला पाण्यात उतरणारे आणि पोहायला जाणारी मुले यांच्यावर हल्ले झाले आहेत, काहींचे प्राण गेले आहेत. महापुराच्या पाण्याबरोबर त्या शिवारातही येतात. आमच्याकडील मुलांच्या मनात मगर म्हणजे एक तर अफवा असते, नाही तर मारून टाकण्याची वस्तू. ती ऊन कधी खाते, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठावर खड्डा खणून अंडी घालते तेव्हा जवळ गेल्यास का चवताळते, पाण्यात नुसते दोन डोळे कसे दिसतात आणि तेही दिसत नसले तरी ती नाही असे का समजू नये, हे एका सकाळी सुरक्षित कठड्याआडून पाहिलेले मूल पुन्हा आमच्या घाटावर आले तर पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहते. माझ्या नातवाचे तसे झाले आहे. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री यांच्या काठी राहणाऱ्या वाचकांनाही हे लागू पडेल.

ज्यांना एवढ्या लांब जाणे शक्य नाही त्यांनी पुण्याला कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि त्यातील सर्पोद्यान पाहावे. ते बुधवारी बंद असते. तेथेही हाच नियम पाळावा, म्हणजे सकाळी लवकर जावे आणि एका प्राण्यापुढे निदान वीस मिनिटे थांबावे.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या दक्षिणेच्या कार्यक्रमपत्रिकेत मगर उद्यानासाठी किमान तीन तास ठेवावेत, त्यात विष संकलन केंद्राचा समावेश करावा आणि सोमवारी तेथे नेण्याचा कार्यक्रम मुळात छापूच नये. तीन तास देणे परवडत नसेल तर ते नाव यादीतून काढून टाकावे. प्रवाशांनीही पैसे भरण्यापूर्वी तेथे कोणत्या वारी आणि किती वाजता नेणार, हे लेखी विचारावे. आपल्या पुरवणीने यंदाचा दक्षिण विशेषांक काढताना स्थळांच्या नावांपुढे बंद असण्याचे वार आणि योग्य महिना छापला, तर पुष्कळ कुटुंबांचा प्रवास सार्थकी लागेल. हा अंक डिसेंबरऐवजी नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाला तर अधिक बरे, कारण मग वाचकांना जानेवारी-फेब्रुवारीचा बेत आखायला पुरेसा वेळ मिळेल.

कळावे,
आपला नम्र वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली